चाळीस मिनिटांची हवा

१

घट बसले की आमच्याकडे नऊ दिवस घराला कुलूप लागत नाही आणि दिव्याला एकटं सोडायचं नसतं. भाजी आणायची तर कुणीतरी घरात हवं. लग्न झाल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, मी हे पाळते आहे आणि त्याचं ओझं मला कधी वाटलं नाही.

या वर्षी मात्र मी देवीशी जरा अवघडच बोलून बसले होते. माझी लेक ऋचा पुण्याला असते. तिला सातवा महिना लागला होता. आधीची दोन बाळं पाचव्या-सहाव्यातच गेली, म्हणून डॉक्टरांनी तिला नुसतं पडून राहायला सांगितलेलं. तिच्यासाठी मी बोलले होते की नऊ दिवस दिवा मी स्वतः राखीन, उंबरा ओलांडणार नाही, आणि रोज सकाळी दहा वाजता एका आसनावर बसून चाळीस मिनिटांचा पाठ करीन, मधे उठणार नाही.

अडचण हवेची होती. सुकापूरला आमचा तिसरा मजला. ऑक्टोबरात घामाच्या धारा लागतात. पंखा लावावा तर दिवा फडफडतो, खिडकी उघडावी तर तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा असला की नासक्या काकडीसारखा वास घरभर. घट बसायच्या आदल्या दिवशी मी शार्दूलला, माझ्या मुलाला, सहज म्हटलं, "एवढं शिकलास, तर पंखा किती नंबरवर लावला की माझा दिवा टिकेल ते तरी सांग."

शार्दूलच्या कंपनीत वाऱ्याचीच गणितं करतात. बोगद्यात धूर कसा पसरेल, कारखान्यात हवा कशी खेळेल, ते आधी संगणकावर बघतात. तो घरूनच काम करतो, आतल्या खोलीत.

"मांडू की तुझ्या दिव्याचं गणित," तो हसून म्हणाला. टेप घेऊन त्यानं हॉल मोजला, पॅसेज मोजला, मी टेपचं टोक धरलं. घटस्थापनेच्या सकाळी त्यानं काडेपेटीएवढी सहा यंत्रं भिंतींना चिकटवली. त्या क्षणी घरातली हवा कुठे किती गरम आहे आणि कुठे किती हलते आहे, ते त्यांनी टिपलं. तिथून पुढे गणित चालणार, चाळीस मिनिटांचं.

"आणि मी?"

"तू एक ठोकळा. घटासमोर बसलेला, गरम."

"किती गरम?"

"शंभर वॅटच्या बल्बाएवढी."

"एवढीच?"

"रागावलीस की जास्त."

"आणि मी?" ह्यांनी डबा भरता भरता विचारलं.

"बाबा, तुम्ही पहिल्या पाळीला. तुम्ही गणितात नाही."

"कधी होतो!" म्हणत हे कामावर गेले.

२

दुसऱ्या दिवशी पाठ झाल्यावर त्यानं मला बोलावलं. पडद्यावर आमचा हॉल होता, रेघांचा. सोफा, फ्रिज, चौरंग, सगळे ठोकळे. हवेच्या निळ्या रेघा पंख्याखालून उतरून भिंतींकडे वळत होत्या. कोपऱ्यातल्या घटापाशी आल्या की मंद होत.

"एक नंबरवर लाव बिनधास्त," तो म्हणाला. "दिवा विझत नाही."

मला फार बरं वाटलं. तेवढ्यात पडद्यावरचा हॉल एकदम लाल-पिवळा झाला आणि थिजला.

"अग्गोबाई! काय पेटलं?"

"काही पेटलं नाही. नवव्या मिनिटाला आकडे फुटले." मग त्यानं मला समजावलं. हवेचे लाखो बारीक खण पाडायचे. प्रत्येक खणानं शेजारच्या खणांकडे बघून आपली पुढची स्थिती ठरवायची, मग वेळ एक पाऊल पुढे टाकायची. आता पाऊल होतं सेकंदाचा दहावा भाग. पाऊल मोठं पडलं की वारा एका पावलात मधला खण ओलांडूनच जातो, आणि आकडे सैरावैरा होतात.

"म्हणजे पिठल्यात एकदम पीठ ओतलं की गुठळ्या."

"अगदी तस्संच."

"मग भुरभुरव की हळूहळू."

तो हसला, पण त्याचं लक्ष पडद्यावर होतं. त्यानं चित्र मागे नेलं. आमच्या हॉलमधून न्हाणीघराकडे जाणारा पॅसेज. तिथे पंख्याचा वारा जात नाही. तरी त्या काळोख्या चौकोनात, जमिनीपासून साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर, रेघा आत ओढल्या जात होत्या, मग बाहेर येत होत्या. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"हे काय रे?"

"कचरा. गणिताची चूक." आणि मग त्यानं एक गोष्ट सांगितली. मी ती तेव्हा नुसती ऐकून घेतली. "चूक ओळखायची सोपी रीत आहे, आई. पाऊल अर्धं करायचं. चूक असेल तर ती कमी होते. खरं असेल ते राहतं."

३

चौथ्या माळेला दुसरं गणित झालं. पाऊल अर्धं होतं, म्हणून ते नवव्या मिनिटाला फुटलं नाही, सतराव्यापर्यंत गेलं.

पॅसेजमधली ती हालचाल कमी झाली नव्हती. उलट आता तिला कड आली होती. आधी नुसता डाग होता, आता रेघा कशाच्या तरी भोवतीनं वळून जात होत्या. आणि दहाव्या मिनिटानंतर ती पॅसेजमध्ये नव्हती. फ्रिजपाशी होती.

"फ्रिजचंच असेल," मी म्हटलं. "तो नाही का गुरगुरत मधून मधून?"

"माझ्या फ्रिजला मोटर नाहीये, आई. तो नुसता ठोकळा आहे."

"खिडकीचा पडदा?"

"पडदा घातलेलाच नाही."

त्यानं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा आत, सोळा वेळा बाहेर. तो मोजत होता तेव्हा मीही मनात मोजत होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझा श्वास त्याच तालात पडतो आहे. मी मुद्दाम थांबवला. पडद्यावरचं थांबलं नाही. त्यानं कशाला थांबावं? ते तर झालेलं गणित.

मी उठून पॅसेजमध्ये गेले. दिवसाढवळ्या साडेअकरा वाजले होते, खाली भंगारवाल्याची हाळी चालू होती. पॅसेजमध्ये काहीही नव्हतं. पायपुसणं, बादली, भिंतीवर ऋचाच्या लग्नातला फोटो. मी स्वतःलाच म्हटलं, नीता, उपासानं डोकं हलकं झालंय तुझं, जा, राजगिऱ्याचा लाडू खा. खाल्लाही. मात्र त्या दिवसापासून न्हाणीघरात जाताना मी भिंतीला चिकटून जाऊ लागले, वाट दिल्यासारखी.

४

लादी पुसायला शकू येते. सुकापूर गावातलीच, जुन्या घरातली. तिची जमीन बिल्डिंगांखाली गेली, तरी ती कामाला येते. घरी बसून सुनेचं तोंड बघण्यापेक्षा हे बरं, म्हणते.

पाचव्या माळेला ती न्हाणीघरातून हातात फडकं घेऊन आली. "ताई, ही डक्टची खिडकी तुमी सारखी का उघडी ठेवताव?"

"मी कुठे उघडते?"

"मंग आपोआप उघडते का? मी परवा लावली, काल लावली. आज हाय उघडीच. खालचा समदा घानेरडा वास वर येतंय."

"कडी सैल झाली असेल."

"कडी बरी हाय. मी दोनदा बघितली." तिनं घटाकडे बघून हात जोडले. "माळ झ्याक झाली हाय. पोरीचं कसा हाय?"

"बरं आहे. देवीची कृपा."

"मंग बास! खिडकी राहू दे उघडी," म्हणून ती बादली घेऊन निघून गेली.

मी चौरंगापाशी बसले आणि मला घटस्थापनेची सकाळ आठवली. दरवर्षी देवीला बोलवायच्या वेळी मी पुढचं दार सताड उघडं ठेवते. दारात रांगोळी, दोन पावलं आत येणारी, आणि मग मी हात जोडून म्हणते, ये, इथे बैस. या वर्षी त्या सकाळी तळोज्याचा वास इतका होता की मी पुढचं दार लावून घेतलं. हॉलच्या खिडक्याही लावल्या. देवीला काय दार लागतं, असं तेव्हा मनात म्हटलं होतं.

घरात उघडी राहिली होती फक्त डक्टची खिडकी.

बिल्डिंगच्या पोटातली ती उभी विहीर. सगळ्या मजल्यांचे पाइप, कबुतरांची घाण, तळाला वर्षानुवर्षांचं पाणी. तिथे ऊन पडत नाही. आणि मी बंद दारासमोर हात जोडून, अगदी मनापासून, ये म्हटलं होतं.

मी शार्दूलला हे सांगितलं नाही. देवीबद्दल असलं मनात आणणं बरं नव्हे. आली असेल तर तीच आली असेल, मी स्वतःला समजावलं. कुठूनही आली असेल.

५

सहाव्या माळेला तिसरं गणित एकोणतिसाव्या मिनिटापर्यंत पोचलं. पाऊल आणखी अर्धं केलेलं. शार्दूलनं मला बोलावलं नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो पडद्यासमोर बसून होता, हात मांडीवर.

ते फ्रिजपासून निघालं होतं, सोफ्याला वळसा घालून. एकोणतिसाव्या मिनिटाला ते घटासमोरच्या ठोकळ्याच्या उजव्या अंगाला होतं. दोहोंच्या मधे हवेची एकच रेघ मावत होती.

"आई, उद्या पाठाला बसू नकोस."

"हे काय बोलणं?"

"मग जागा बदल. स्वयंपाकघरात बस. बाबांबरोबर दोन दिवस काकांकडे गव्हाणला जा. मी सांभाळतो दिवा."

"नवस माझा आहे, राजा."

"अगं, मला हे कळत नाहीये!" तो ओरडलाच. "पाऊल लहान केलं की हे जायला हवं. जात नाही. स्पष्ट होतंय."

तेवढ्यात ऋचाचा फोन आला. आवाज किती हलका! डॉक्टरीणबाई खूश होत्या. बाळाच्या हृदयाचे ठोके छान, मिनिटाला एकशे बेचाळीस. "आई, तुझा दिवा लागू पडतोय बघ," ती म्हणाली. मी शार्दूलकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

सातव्या माळेला मी दहाला बसले. हॉलची खिडकी बंद, पंखाही बंद ठेवला. उदबत्तीचा धूर सुतासारखा सरळ वर जात होता. पाठ तोंडपाठ आहे, त्यामुळे ओठ चालत राहिले आणि डोळे समोरच्या घड्याळावर. पंधरा मिनिटं. वीस. फ्रिज गुरगुरला, बंद झाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. पंचवीस.

मग सोफ्याच्या रेक्झिनचा आवाज झाला. कुणी बसल्याचा नव्हे, नुसतं घासून गेल्याचा.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर आसन मोडलं असतं का? नसतं मोडलं. पण मी वळवली नाही. एकोणतिसाव्या मिनिटाला उदबत्तीचा धूर वाकला, माझ्याकडे. मग सरळ झाला. मग वाकला. आणि माझ्या उजव्या गालाला हवा लागली. डक्टसारखी गार असेल असं मला वाटलं होतं. ती कोमट होती. तापलेल्या माणसाच्या अंगाजवळ लागते तशी.

अकरा मिनिटं उरली होती. एकही शब्द न चुकता मी पाठ पुरा केला. दिवा जरासुद्धा हलला नाही.

६

शार्दूलनं शेवटचं गणित कंपनीच्या मोठ्या यंत्रावर टाकलं होतं, सेकंदाचा ऐंशीवा भाग एवढं पाऊल धरून. ते चालायला दोन दिवस लागले. नवव्या माळेला दुपारी ते पुरं झालं. हे पाळीवरून आले नव्हते. शार्दूल खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, ये. तूच बघ."

चाळीसच्या चाळीस मिनिटं. आकडे कुठेही फुटले नव्हते.

मी काय बघितलं ते सगळं सांगता येणार नाही, कारण रेघांना चेहरा नसतो. ठोकळ्याच्या शेजारी काहीतरी टेकलं होतं, थोडं पुढे झुकून. माणूस बसतं तसंच, पण जिथे गुडघे यायला हवेत तिथे ते संपत नव्हतं. ते मागे पॅसेजपर्यंत लांबत गेलं होतं, बारीक होत, न्हाणीघराच्या दारात शिरत.

"ते नको बघूस," शार्दूल म्हणाला. "इथे बघ."

त्याचं बोट खाली होतं, त्या झुकलेल्या आकाराच्या पोटाशी. तिथे आणखी एक थरथर होती. मुठीएवढी, फार भराभर. आधीच्या गणितांत ती दिसलीच नव्हती. पाऊल मोठं असलं की एवढं जलद काही पकडता येत नाही, तो म्हणाला.

"मोजलीस?"

त्यानं बोट मागे घेतलं.

"शार्दूल, मोजलीस का?"

"एकशे बेचाळीस."

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मी खुर्चीची पाठ धरली.

"मी आणखी एक केलंय," तो हळूच म्हणाला. "दोन्ही एकदमच लावली होती. दुसऱ्यात तुला काढून टाकलं. ठोकळा नाही. मला बघायचं होतं, हे तुझ्यामुळे येतंय का."

"मग? आलं?"

"आलं. सगळं तसंच. तुझ्या जागेपाशी येऊन थांबलं." त्यानं ओठ चाटले. "पण ती छोटी थरथर सुरुवातीपासूनच मंद होत गेली. नवव्या मिनिटाला शंभर. सोळाव्याला साठ. विसाव्याला..."

"पुरे," मी म्हटलं.

"आई, हे गणित आहे. हवेचं गणित. त्याचा ताईशी काही संबंध नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "तू जेव बघू आधी. काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीस."

७

दसऱ्याला सकाळी घट हलवायचा आणि देवीला निरोप द्यायचा. मी पहाटेपासून उभी होते. पुरण शिजवलं, दाराला तोरण बांधलं. या वेळी दार उघडं टाकलं होतं. हवा स्वच्छ होती, वासाचं नाव नव्हतं. हे आंघोळ करून सोवळं नेसून आले.

"नीता, घट हलव गं. उशीर होतोय."

मी अक्षता हातात घेतल्या. जा म्हणायचं, एवढंच. कुणाला म्हणायचं आणि बरोबर काय जाईल, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "एक मिनिट, ऋचाला फोन लावते. तिलाही दिसू दे."

पडद्यावर ऋचा उशांना टेकून बसलेली. मला बघून हसली, पण ते हसू ओढून आणलेलं होतं.

"काय गं?"

"काही नाही. बाळ सकाळपासून हललं नाहीये. झोपलं असेल. हे म्हणतायत हॉस्पिटलमध्ये जाऊन येऊ."

"सकाळपासून म्हणजे कधीपासून?"

"मी उठल्यापासून. सहा असतील."

सहा. माझ्या मनात मोजणी झाली. सहाला मी पुरण घाटत होते. काल दहा-चाळीसला आसनावरून उठले, त्यानंतर घटासमोर बसलेच नव्हते; एरवी पहाटेही थोडा वेळ बसायचे, आज तेही नाही. शार्दूल त्याच्या खोलीच्या दारात उभा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यानं मान हलवली, नको म्हणून. की बस म्हणून? मला आजही सांगता येत नाही.

"गाडी काढायला सांग त्यांना, जा लगेच," मी ऋचाला म्हटलं. "पण फोन ठेवू नकोस."

मी अक्षता ताटलीत परत ठेवल्या आणि आसनावर बसले.

"अगं, आता पाठ कसला?" हे म्हणाले. "नऊ दिवस झाले की!"

मी पाठ सुरू केला. आज ते यायला एकोणतीस मिनिटं लागली नाहीत. आधीपासून तिथेच होतं. उजव्या गालाला कोमट हवा लागली, मिनिटाला सोळा. आणि खाली, मांडीवर ठेवलेल्या माझ्या मनगटापाशी, काहीतरी फार हळू थरथरत होतं. हळू, खूप हळू. मी मनगट हलवलं नाही. तोंडानं पाठ चालू, मनात फक्त एकच, ये गं बाळा, ये. कुणाला ये म्हणते आहे याचा विचार केला नाही. थरथर जरा जलद झाली. मग आणखी.

"आई!" फोनमधून ऋचा ओरडली. ती हसत होती आणि रडत होती. "आई, हललं! केवढी लाथ मारली! अहो, राहू दे गाडी, हललं!"

ह्यांनी डोळे पुसले. "चला, देवी पावली. आता घट हलव."

"आज नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तिचे दिवस भरेपर्यंत दिवा ठेवणार आहे. दोन महिनेच तर आहेत." माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, त्याचं मलाच बरं वाटलं. "शार्दूल, माझं पान इथेच आण. आणि पुढचं दार लावून घे."

त्यानं दार लावलं. आसन लहान पडत होतं, म्हणून मी जराशी डावीकडे सरकले आणि उजवीकडे जागा करून दिली.